बोटाचा रकाना

सुखदेवकाका, परवा तुमची तेरवी झाली आणि काल मी यंत्र सुरू केलं. मधले तेरा दिवस ते झाकून ठेवलं होतं. येणाऱ्या पेशंटना सांगत होते, यंत्र बिघडलंय, पुढच्या आठवड्यात या. साफ खोटं. यंत्राला काहीही झालं नव्हतं. तुमचा डावा हात नव्हता, एवढंच झालं होतं.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, तेव्हा जरा दम धरा. धंतोलीतल्या आपल्या छोट्या दवाखान्यात भाजलेल्या माणसांचे व्रण बघतात. भाजलेली जागा भरून येते तेव्हा तिथली कातडी जाड आणि ताठ होते, मग आखडते. कोपर वाकलेलं राहतं, मान एका बाजूला ओढली जाते. अशा कातडीला वठणीवर आणायला वर्षभर, झोपेतसुद्धा, घट्ट कापडी बाही चढवून ठेवावी लागते. ती बाही तुम्ही शिवायचा. आणि बाहीखालची कातडी किती सैल झाली हे मोजायचं काम माझं. माझं यंत्र म्हणजे बोटाच्या पेराएवढी वाटी. ती कातडीवर टेकवायची, आतली हवा ओढायची, की कातडी किती वर उचलली गेली ते पडद्यावर येतं. आकडा मोठा तेवढी कातडी मऊ. मी त्याला इंग्रजीत चांगलं लांबलचक नाव दिलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी वाकून बघितलंत आणि म्हणालात, "हे तं तुंबडी हाय." तेव्हापासून डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत कुणीही ते इंग्रजी नाव घेतलं नाही.

यंत्र रोज सकाळी आधी तपासून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी रोज सारखीच असणारी कातडी हवी. तुम्ही सदऱ्याची बाही वर केली होतीत. "घे. हा हात काई बदलत नाई आता." कोपराच्या खाली चार बोटं, तिळाच्या शेजारी. आकडा एकेचाळीसच्या आसपास आला की यंत्र ठीक आणि दिवस सुरू. तुम्ही त्याला बोहनी म्हणायचा. सहा वर्षं दवाखान्याची बोहनी तुमच्या हातावर झाली, काका. म्हणून तेरा दिवस ते कापड उचलायचा धीर झाला नाही.

पण काल उचललं. काल जे झालं ते सांगायलाच बसले आहे, आणि ते चांगलं झालं, इतकं चांगलं की तुम्ही दुपारचा डबा अर्धा टाकून मोहल्लाभर सांगत सुटला असतात. पण क्रमाने सांगते, मध्ये तोंड घालू नका.

सहा वर्षांपूर्वी मी आले तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी ताजी होती आणि नाकाने कांदे सोलायची सवय त्याहून ताजी. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर तुम्ही, गळ्यात टेप. डॉक्टरांनी ओळख करून दिली, हे सुखदेव, आपले बाहीवाले. घरात पिढ्यांपासून हातमागावर लुगडी विणली जायची. माग बंद पडला तेव्हा तुम्ही गांधीबागेत एका ठोक दुकानात कापड पारखायला बसलात, आणि तिथूनच डॉक्टरांनी तुम्हाला उचलून आणलं. कारण काय, तर कापड चिमटीत धरून डोळे मिटले की ते किती ताणेल आणि किती परत येईल हे तुम्ही सांगायचा. मी मनात म्हटलं, म्हणजे इथे आजवर बोटांनी मोजत होते, आनंद आहे.

तुम्ही मनातलं मनात ठेवणारे नव्हतात. "काय वं मॅडम, हातच्या काकणाले आरसा काहून पाहिजे?"

"काकणाला नको काका, कातडीला पाहिजे. तुमचं बोट उद्या रजेवर गेलं तर?"

"बोट रजेवर जाते का बाप्पा कुठी!"

त्याच दिवशी रजिस्टरमध्ये दोन रकाने आखले. डावीकडे 'बोट', उजवीकडे 'यंत्र'. आधी तुम्ही व्रण चिमटीत धरून सांगायचं, मग मी मोजायचं. तुमची मापं थेट स्वयंपाकघरातून आली होती. अगदी ताठ म्हणजे पापड. त्याच्या वर भाकर, त्याच्या वर पोळी, आणि सगळ्यांत वर आपल्याकडची लांब पोळी, उलट्या माठावर भाजलेली, हातभर ताणली तरी न फाटणारी. धडधाकट माणसाची कातडी म्हणजे लांब पोळी. मी ते रकान्यात लिहायचे आणि तोंड फिरवून हसायचे.

हसण्याचं कारण नव्हतं, कारण पहिले चार महिने माझा रकाना म्हणजे नुसती फजिती होती. त्याच हातावर, त्याच जागी, एका मिनिटात तीनदा मोजलं तर तीन वेगळे आकडे. मी पंप बदलला, नळ्या बदलल्या, लाईटच्या कमीजास्त दाबाला शिव्या दिल्या, कूलरच्या ओल्या हवेला दिल्या. डॉक्टर सभ्य माणूस, दसऱ्यापर्यंत बघू म्हणाले. मला त्याचा अर्थ कळला होता.

तुम्ही डबा खात होतात. घास न थांबवता म्हणालात, "पोरी, पहिला ताण खोटा असते."

"म्हणजे?"

"सूत मागावर घ्यायच्या आधी ओढून घ्या लागते. पहिल्यांदा ओढलं का ते भलतंच येते. दुसऱ्यांदा थोडं कमी. तिसऱ्यांदा ठिकाणावर बसते. मंग माप. तू तं पहिल्याच ओढीले लिहून राहिली. नवा माणूस पहिल्या भेटीत खरं बोलते का?"

मी फणकारले. कॉलेजात मी लोखंडाच्या सळया ताणल्या होत्या, मला कोण शिकवणार! म्हटलं, "काका, ते सूत, ही जिवंत कातडी. हात लावायच्या आधी जे असतं तेच खरं माप. तीनदा ओढून चौथ्यांदा मोजायचं म्हणजे मापच बिघडवायचं."

"जिवंत हाय म्हणूनच म्हणून राहिलो," तुम्ही म्हणालात आणि डबा धुवायला गेलात.

तुम्ही टपरीवर चहाला गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि वाटी स्वतःच्या हातावर टेकवली. पहिले तीन आकडे तिन्ही दिशांना. चौथा, पाचवा, सहावा एकसारखे. जागा बदलली, पुन्हा तेच. मी एकटीच खोलीत उड्या मारल्या, काका. मग धावत टपरीवर येऊन तुम्हाला सांगितलं का? नाही. आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही. सोमवारपासून नुसतं गुपचूप तीनदा ओढायला लागले. तुम्ही बघितलंत आणि आलूबोंड्याची प्लेट माझ्याकडे सरकवलीत. त्या प्लेटने मला मान खाली घालायला लावली, पण दिलगिरीचा शब्द तेव्हाही आला नाही.

दसऱ्यानंतर दोन्ही रकाने शेजारी लावून पाहिले. तुमचा पापड जिथे संपत होता तिथेच माझ्या आकड्यांतही एक पायरी दिसत होती. भाकरीचंही तसंच, पोळीचंही तसंच. तिसाच्या वर गेलं की पोळी. मी थक्क झाले.

आणि आता जे सहा वर्षांत सांगितलं नाही ते सांगते. पुढच्या वर्षी मी परगावी एका परिषदेत माईक धरून उभी राहिले आणि तीनदा ओढून चौथ्यांदा मोजायची रीत सांगितली. लोकांना आवडली. एकाने विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, प्रयोग करता करता. तुमचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर सगळे डिग्र्यावाले बसले होते, आणि 'आमच्याकडच्या शिंप्याने सांगितलं' म्हणायची मला लाज वाटली. मागाहून कळलं की ही गोष्ट माझ्याच कॉलेजच्या जाडजूड पुस्तकात एका प्रकरणात लिहिलेली होती, जे मी कधी उघडलंच नव्हतं. म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांचंही श्रेय गेलं आणि ज्यांनी शिकवलं त्यांचंही. ते छापील भाषण मी टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते दिसलं नाही तेव्हा मावशींनी रद्दीत टाकलं असेल असं समजून बरंच वाटलं.

कातडी जिवंत असते म्हणजे काय, हे दुसऱ्यांदाही तुम्हीच शिकवलंत. वाटी पाहून पेशंट घाबरला की आतले स्नायू आवळले जायचे आणि आकडा घसरायचा. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसायचा. गाव कोणतं, कापसाची पऱ्हाटी किती, विहिरीले पाणी किती, मोटार जळली का यंदा. माणूस मोटारीबद्दल बोलायला लागला की हात आपोआप सैल पडायचा, आणि तुम्ही मला डोळ्याने खुणावायचा, आता मोज.

कुंदाताई आल्या त्या मागच्या वर्षी पावसाळ्यात. नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याचे डोळे बांधणाऱ्या. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वर पट्टी आवळायची, की त्यातून संत्र्याचं झाड येतं. कुंदाताईंच्या हातचा डोळा मरत नाही अशी पंचक्रोशीत ख्याती. पावसाळ्याआधी झाडांच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात. त्यासाठी कळीचा चुना पाण्यात टाकताना ड्रम उसळला आणि उकळता चुना त्यांच्या उजव्या हातावर आला, मनगटापासून दंडापर्यंत. जखम भरली, पण कोपर काटकोनात अडकून बसलं. डोळा बांधायला रोपाच्या बुंध्याशी, पार जमिनीलगत दोन्ही हात न्यावे लागतात. त्यांचा एकच हात पोचत होता.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर बाही घालून बघू. नाहीच जमलं तर व्रण कापून मांडीची कातडी लावावी लागेल.

"मी कलमं बांधते डॉक्टर," कुंदाताई म्हणाल्या. "माह्या हातचे नाई मरत, पण दुसऱ्याच्या हातचे किती मरते ते मले माहीत हाय. माह्या अंगावर कलम नोका करू."

तुम्ही त्यांचा हात चिमटीत धरलात. "पापड." यंत्र म्हणालं नऊ. त्या दिवशी आपलं दोघांचं एकमत होतं आणि दोघांनाही त्याचा आनंद झाला नव्हता.

थंडीपर्यंत बरं चाललं होतं. पापडाची भाकर झाली. मग फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी तुम्ही व्रण धरलात, डोळे मिटलेत, आणि हसून म्हणालात, "पोळी!" मी मोजलं. सतरा. भाकरच. मी तुमच्याकडे पाहिलं. "थंडीनं आखडली असन तुही तुंबडी," तुम्ही म्हणालात. त्याच्या आधीच्या महिन्यात माझी एक नळी गळत होती आणि तुमचं बोट बरोबर ठरलं होतं, त्यावरून तुम्ही मला बरेच दिवस चिडवलं होतंत. म्हणून मी गप्प बसले. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणता दोघं? तुम्ही म्हणालात, बाही एक माप सैल करतो. मी मान हलवली. तुमच्या चुकीत माझी ती मान आहे, काका. सगळं तुमच्यावर ढकलून मला जायचं नाही.

मार्चमध्ये कुंदाताई आल्या तेव्हा कोपर पुन्हा होतं तिथे जाऊन बसलं होतं. अकरा. त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट झालं. नुसत्या म्हणाल्या, "काका, तुमी तं पोळी म्हनलं होतं."

डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत वाट बघतो. दिवाळीनंतर ठरवून टाकू.

तुम्ही त्याच दुपारी नवी बाही कापायला घेतलीत. मी चहा घेऊन आले तर पांढऱ्या कापडावर लाल ठिपके. मशीनची सुई तुमच्या बोटात गेली होती, रक्त येत होतं, आणि तुम्ही शिवत होतात. तुम्हाला कळलंच नव्हतं. मी बोट धरलं. टोक दाबलं, नखाने टोचलं. तुम्ही हातसुद्धा मागे घेतला नाहीत.

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून असन. शुगर हाय ना."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू पोरी? बोट रजेवर गेलं म्हणून?"

मला तुमचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर रडू आलं. मी आत जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा तुम्ही बोटाला चिंधी बांधून रजिस्टर उघडून बसला होतात, आणि बोटाच्या रकान्यात त्या दिवशीच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली होतीत. नंतर कितीदा म्हटलं, काका, लिहा काहीतरी, चुकलं तर चुकलं. तुमचं एकच, "खोटं कसं लिहू वं?" मार्चपासून तो रकाना कोरा आहे.

मी समजत होते, आता हे खचले. मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी तुम्ही मांजरपाटाची एक कच्ची बाही कुंदाताईंच्या हातावर चढवलीत, माझ्या हातात पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "तुंबडी लाव, बोटाबोटाच्या अंतरावर. आकडे या कापडावर लिहून दे. जिथं आकडा कमी तिथं कसतो, जिथं वाढला तिथं सोडतो." लुगड्याचा काठ विणताना कागदावरचा नक्षीचा नकाशा बघून विणायचे म्हणे तुमच्या घरी, तसं तुम्ही माझे आकडे बघून शिवलंत. सहा वर्षं आकड्यांना नावं ठेवणाऱ्या माणसाने! एकाच बाहीत चौदा ठिकाणी चौदा वेगळे दाब, आणि वरून पाहिलं तर साधी पांढरी बाही. डॉक्टरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, हे मी कुठेच पाहिलं नाही. तुमची छाती तेव्हा दोन इंच फुगली होती. माझी चार.

दर सोमवारी कुंदाताई पहिल्या एसटीने यायच्या, मी मोजायचे, तुम्ही टाके उसवून पुन्हा घालायचा. मग मे आला. नागपूरचा मे आणि अंगाला चिकटलेली घट्ट बाही! एकेक पेशंट बाही काढून फेकून देत होता. कुंदाताईंनीही टेबलावर आदळली. "नाई होत काका. हात शिजून राहिला माहा."

तुम्ही रजिस्टर त्यांच्यासमोर धरलंत. "हे पाय. मागच्या सोमवारी तेरा. आज चौदा. डोळा बांधल्यावर तू रोज पट्टी सोडून पाहते का, जगला का मेला?"

"नाई."

"थांबते ना?"

"थांबते."

"मंग थांब ना बाप्पा."

त्यांनी बाही उचलून पुन्हा हातावर चढवली, नळाखाली ओला केलेला दुपट्टा तिच्यावर गुंडाळला, आणि एसटी स्टँडकडे गेल्या. त्या एका चौदाने ते काम केलं, जे आपल्या कुणाच्याही उपदेशाने झालं नसतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी काही उपयोगाचं बनवलंय.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही माझ्या मागे लागलात. रोज बोहनी झाली की माझं बोट ओढून तुमच्या हातावर ठेवायचं. "हे लांब पोळी. ध्यानात ठेव. आता तुह्या हातानं धर, सोड. पाय कशी जाते ते." मी एक डोळा पडद्यावर ठेवून धरल्यासारखं करायचे. यंत्र असताना बोट कशाला शिकायचं? तुम्ही म्हणायचा, लाईट गेली का तुंबडी आंधळी होते. मी म्हणायचे, इन्व्हर्टर आहे. तुम्ही म्हणायचा, फेब्रुवारीत तुही तुंबडी खरं बोलली होती, पण तू नाई बोलली, कारण तुह्या बोटाले काई ठाऊक नव्हतं. मग मी नुसताच आवाज चढवायचे.

आणि आपलं शेवटचं भांडणही तेच. त्या सोमवारी तुम्ही म्हणालात, "कुंदाची तारीख आली दोन हप्त्यांनी. आधी तू बोटानं पाहजो, मंग तुंबडी लावजो. अन् लिहिजो रकान्यात."

मी कामात होते, वैतागलेली होते. म्हटलं, "मी नाही हं. तो तुमचा रकाना. तुम्ही लिहीत नसाल तर खोडून टाकू, उगाच जागा खातो."

तुम्ही टेप गळ्यातून काढून खुंटीला लावलीत आणि घरी गेलात. मंगळवारी पहाटे काकूंचा फोन आला, की ते उठलेच नाहीत.

त्या एका वाक्यापायी तेरा दिवस मी रजिस्टरही उघडलं नाही. खोडून टाकू.

तेरवीला घरी आले तेव्हा काकू मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, जिथे पूर्वी माग होता. ट्रंकेतून त्यांनी मांजरपाटाची ती कच्ची बाही काढली, माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांची, घडी घालून ठेवलेली. आणि बाहीच्या आत एक छापील पान. माझं भाषण.

"वर्षं झाले या कागदाले," काकू म्हणाल्या. "नातीकडून वाचून घेतलं त्याईनं. मी म्हनलं, तुमचं नाव काहून नाई याच्यात? तं म्हणे, रीत गेली ना चार गावांत, बस झालं. पोरगी सांगन कधी ना कधी."

मी काकूंच्या पायाशी बसले आणि मोकळेपणी रडले. तुम्ही जाणत होतात. पाच वर्षं जाणत होतात, आणि रोज सकाळी बाही वर करून हात पुढे करत होतात. मी तुमच्या जागी असते तर हात आखडता घेतला असता.

तर काका, सांगितलं. जो कुणी हे वाचेल त्याच्यासमोर सांगते. तीनदा ओढून चौथ्यांदा मोजायचं, हे मला सुखदेवकाकांनी शिकवलं, डबा खाता खाता. पुस्तकात ते होतं, पण पुस्तकाने मला आलूबोंडा दिला नाही.

आता काल. मधल्या सोमवारी कुंदाताईंना फोनवरच यंत्राचं कारण सांगून येऊ नका म्हटलं होतं. कुंदाताई आंबिया बहाराच्या संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. खिडकीशी झाकलेलं मशीन बघून म्हणाल्या, "काका कुठी गेले?" मी खुंटीवरच्या टेपकडे बोट केलं. त्यांना कळलं. त्या तुमच्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर, आणि मशीनच्या पायट्यावर नुसता पाय ठेवला. मग बाही काढली आणि हात टेबलावर ठेवला.

काका, कोपर टेबलाला टेकलं होतं. सपाट! मनगट, कोपर, दंड, सगळं एका ओळीत. 

डॉक्टर आले. त्यांनी हात बघितला, खूश झाले, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. "हात सरळ झाला हे दिसतंय. पण कातडी मऊ झाली नसेल तर हिवाळ्यात पुन्हा आखडेल. फेब्रुवारीत तेच झालं. आकडा सांगा."

मी म्हटलं, "आकडा देऊ शकत नाही. यंत्र तपासलेलं नाही. बोहनी झाली नाही."

"मंग करा ना बोहनी," कुंदाताई म्हणाल्या.

"कुणाच्या हातावर करू?"

त्या मला वेड्यात काढल्यासारख्या हसल्या. "काकाचा हात तुमच्या बोटात हाय ना मॅडम. ते तं दर सोमवारी सांगत होते मले, पोरीले शिकवून राहिलो म्हणून."

मी यंत्रावरचं कापड उचललं. पडदा भिंतीकडे फिरवला. डोळे मिटून कुंदाताईंचा व्रण चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. आणि काका, मला तुमचा हात आठवला. मी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण बोटाने दिलं होतं. तिळाच्या शेजारी ती कशी उचलायची आणि कशी निवांत खाली बसायची, ते सगळं बोटात होतं. कुंदाताईंची तेवढी नव्हती, जरा अडखळत होती. पण भाकर नक्की नव्हती. मी डोळे उघडले, मार्चपासून कोऱ्या असलेल्या रकान्यात लिहिलं, पोळी. अक्षर वाकडं आलं.

मग वाटी टेकवली. कुंदाताईंना विचारलं, यंदा किती डोळे बांधायचे? त्या सांगत बसल्या, हात सैल पडला. तीनदा ओढलं, तिन्ही आकडे सोडून दिले. चौथा तेहतीस. पाचवा तेहतीस. सहावा तेहतीस. पडदा डॉक्टरांकडे वळवला, रजिस्टर त्याच्या शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही रकाने वाचले, चष्मा काढून पुसला, आणि फाइलीवर लिहून टाकलं, ऑपरेशनची गरज नाही.

कुंदाताईंनी संत्र्यांची पिशवी टेबलावर ओतली. डॉक्टरांना, मावशींना, बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटना त्याच हाताने एकेक संत्रं लांब करून दिलं, कुणाला उठू दिलं नाही. एक तुमच्या मशीनवर ठेवलं. दारातून वळून विचारलं, "मॅडम, लांब पोळी कवा होईन?" मी म्हटलं, थांबा ना बाप्पा. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाकावरची माणसंही कारण न कळता हसायला लागली.

तुमची टेप अजून खुंटीला आहे. तुंबडीच्या झाकणावर मी पट्टी चिकटवली आहे, 'सुखदेवकाकांची रीत: तीनदा ओढा, मग मोजा.' आणि रकाना खोडलेला नाही, काका. काल दिवसभरात त्यात नऊ नोंदी केल्या. दोन चुकल्या. कुंदाताईंची चुकली नाही.